आमच्यात 'वळ' म्हणत नाहीत

आमच्या गावच्या माणसाला गाडीत पुढच्या सीटवर बसवा आणि रस्ता दाखवायला सांगा. तो ड्रायव्हरला कधी 'वळ' म्हणणार नाही. 'ह्या अंगाला घे' म्हणेल, 'डावीकडं दाब' म्हणेल, नाहीतर नुसतं बोट दाखवेल आणि ड्रायव्हर पुढं निघून गेला की वर त्याच्यावरच डाफरेल. पण 'वळ', 'वळव', 'वळून घे' हे शब्द त्याच्या तोंडून यायचे नाहीत. पाहुणे याला गावंढळपणा समजतात. समजू देत, प्रत्येकाला कुठं समजावत बसायचं.

एरवी हा शब्द आम्हालाही लागतोच. आम्ही लाडू वळतो, वाती वळतो, दोर वळतो. पोराचं अक्षर वाईट असलं की त्याला वळण नाही म्हणून मास्तरांच्या आधी आम्हीच ओरडतो. फक्त रस्त्यावर पाय पडला की हा शब्द बंद. गुरांच्या मागं जातानासुद्धा आमची माणसं गुरं वळायला चाललो म्हणत नाहीत, राखायला चाललो म्हणतात.

पूर्वी असं नव्हतं. आमचं जुनं गाव घोड नदीच्या काठाला होतं, डिंभ्याच्या वरच्या अंगाला. मोठ्या रस्त्याला फाटा होता आणि फाट्यावरून एक डांबरी सडक डावीकडं खाली उतरायची. आधी करवंदीच्या जाळ्या, मग वेशीवरचा मारुती, मग ओढ्यावरची मोरी, मग पार आणि पाराला लागून आमचं घर. तेव्हा घरी येण्याला आमच्यात 'वळणं'च म्हणायचे. 'एस.टी. वळली का?', 'तुझा बाप वळला का?', 'पोरगी सुट्टीची वळली वाटतं.' फाट्याला वळलेला माणूस घरी पोचलाच, असा हिशेब होता. पुढचं अंतर कुणी धरतच नसे. शिकायला मी जुन्नरला आत्याकडं असायची, सुट्टीला यायची, आणि गाडी फाट्याला कलली की मी पिशवी घेऊन दाराशी जाऊन उभी राहायची.

मग धरणाचं पाणी आलं. गाव वर सरकलं, अगदी मोठ्या रस्त्याच्या कडेला. माणसांनी दारं, चौकटी, वासे, कौलं काढून वर नेली. मारुतीही वर नेला. नव्या गावाला फाटा नाही, गाडी सरळ येते आणि दारात उभी राहते. वळायचं कुठं? सुरुवातीला कुणीतरी सवयीनं 'वळला का' म्हणायचं आणि मग सगळे खाली पाण्याकडं बघायचे. पुढं बाया पोरांना दटावू लागल्या, रस्त्यावर ते नाव काढू नको म्हणून. कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही. जीभच आखडत गेली सगळ्यांची. मी चार बुकं शिकलेली, माझी जीभ कशाला आखडतेय. एकदा आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी चिडवलंसुद्धा, "मग ड्रायव्हरला काय सांगू, टर्न मार म्हणू का?" ते हसले नाहीत. "म्हन की," एवढंच म्हणाले.

मी आता जुन्नरला असते. ब्लाऊज, ड्रेस शिवते, दुकान घरातच आहे. स्वभाव माझा तिखट, गिऱ्हाइकं पण तेच म्हणतात. आई गेल्यावर आबा वरच्या गावात एकटे राहिले आणि तेव्हापासून आमचं एकच भांडण होतं. मी म्हणायची, जुन्नरला चला. ते म्हणायचे, बघू. ह्या 'बघू'नं माझी वर्षं खाल्ली. दर फोनला भांडण, दर सणाला भांडण. चुलीपाशी कधी पडले, कधी आजारी पडले, तर मला कळायचं दुसऱ्याकडून आणि तेही दोन दिवसांनी. रात्री मशीन बंद केली की मला तीच एक भीती वाटायची, की माणूस तिथं एकटा मरून पडेल आणि मी इथं ब्लाऊजांना काज करत बसलेली असेन.

मागं एका थंडीत मोतीबिंदूचं शिबिर होतं, घोडेगावच्या बाजूला. आमच्या गावातली झाडून सगळी म्हातारी माणसं एकदमच गेली. कुणीतरी जाणतं माणूस सोबत लागतं म्हणून मी गेले. खरं सांगायचं तर मी सोय बघितली. ऑपरेशन झालं की जीपनं सगळ्यांना गावात सोडायचं, आबांचे कपडे पिशवीत भरायचे आणि त्याच जीपनं त्यांना जुन्नरला घेऊन यायचं. डोळ्यात औषध घालायला कुणीतरी हवंच, तेव्हा या वेळी 'बघू' चालणार नव्हतं. तसं मी त्यांना दवाखान्यात स्पष्ट सांगितलं. त्यांनी चादर छातीवर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या काढल्या आणि सगळ्यांना एकसारखे काळे गॉगल दिले. काढायचे नाहीत, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, जड उचलायचं नाही. जीपमध्ये मागं वळून बघितलं तर मला हसूच फुटलं. धोतरं, टोप्या, नऊवारी लुगडी, आणि सगळ्यांच्या तोंडावर ते काळे गॉगल. मी म्हटलं, चला, सिनेमात काम मिळंल सगळ्यांना. शेजारच्या काकू, आईच्या जिवाभावाच्या, त्या तेवढ्या हसल्या. "हस बाई, तुजी पन येळ येनार हाय," म्हणाल्या.

ड्रायव्हर आणे गावाकडचा होता, कोरड्या पठारावरचा, या बाजूला पहिल्यांदाच आलेला. धरण लागलं तसा बघतच राहिला. "आमच्याकडं पाणी बघायचं तर टँकर यावा लागतो, ताई," म्हणाला. पण बघायला फार मिळालं नाही त्याला. डिंभ्याच्या पुढं गेलो आणि धुकं आलं. धरणावरचं थंडीतलं धुकं ज्यानं बघितलंय त्याला ठाऊक आहे, पुढच्या गाडीचे लाल दिवेसुद्धा ते गिळतं. ड्रायव्हरनं जीप अगदी सावकाश घेतली. मागची बडबड हळूहळू थांबली. मी ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर औषधांची पिशवी घेऊन बसले होते. रात्रभरच्या जागरणानं डोळे मिटत होते.

आणि मागून कुणीतरी म्हणालं, "वळव."

आवाज मोठा नव्हता. अर्धवट झोपेतलं माणूस बोलतं तसा होता. ड्रायव्हरनं डावीकडं डांबरी रस्ता बघितला आणि जीप वळवली. मला शब्द ऐकू आला होता, पण तो कानात शिरून डोक्यापर्यंत जायला वेळ लागला. वाटलं, जवळची वाट असेल. गाडीत सगळं गावच बसलेलं, त्यांना मी काय रस्ता सांगणार.

जीप उतरायला लागली. रस्त्यावर मधोमध गवत होतं, चाकांचा आवाज येईना. काकू म्हणाल्या, "म्होरं खड्डा हाय, हळू घे बाबा." आणि खड्डा आला. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "आता जाळ्या लागतील." आणि करवंदीच्या फांद्या जीपच्या पत्र्याला घासत गेल्या.

"आजी, गॉगलमधून बरं दिसतंय की तुम्हाला," ड्रायव्हर म्हणाला.

"दिसतंय कुठं," काकू म्हणाल्या. "ठावं हाय."

त्यांच्या आवाजात काही वेगळं नव्हतं. बाजाराहून घरी येताना माणूस बोलतं तशाच बोलत होत्या. मी आरशात मागं बघितलं. कुणी डुलक्या घेत नव्हतं. सगळे ताठ बसले होते, तोंडं समोर, काळे गॉगल समोर, आणि कुणाच्या तोंडावर ना भीती ना आनंद. तेवढ्यात सगळ्यांचे हात एकदम वर गेले आणि कपाळाला लागले. माझाही हात गेला. सवयच ती, देऊळ आलं की हात जातो. हात खाली आणताना मी बाहेर बघितलं. तिथं नुसता रिकामा चौथरा होता. मारुती वर नेल्यावर त्याच्या प्राणप्रतिष्ठेला मी स्वतः पुरणपोळ्या लाटल्या होत्या.

"थांबव," मी ड्रायव्हरला म्हटलं, "थांबव, थांबव."

त्यानं करकचून ब्रेक लावला. पुढं सगळं पांढरं होतं. डांबर पांढऱ्यात शिरत होतं आणि तिथून पाण्याचा बारीक चुबूक चुबूक आवाज येत होता. ड्रायव्हर माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "ताई, हा रस्ता कुठं जातो?"

मी उत्तर द्यायच्या आत मागचं दार उघडलं. म्हातारी माणसं उतरायला लागली. घाई नाही, गोंधळ नाही. एकमेकांना हात देत, आपापली गाठोडी घेत उतरली, स्टँड आल्यावर उतरतात तशी. दाराजवळ आबा होते, म्हणून ते पहिले. त्यांनी धोतराचा सोगा सावरला, पिशवी काखेत मारली आणि चालायला लागले. त्यांच्या मागून बाकीचे. मी ओरडले, "आबा, कुठं चाललात, थांबा." आबांनी मागं बघितलं नाही. उलट पाय उचलला. मी आणखी जोरात ओरडले, तसे ते आणखी भराभर चालायला लागले, आणि मागचेही.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. आणि त्या तसल्या वेळी मला लहानपणीची एक सकाळ आठवली. सुट्टीत मी आबांबरोबर गुरांमागं गेले होते. म्होरकी गाय कुणाच्या तरी भातात शिरायला निघाली आणि मी बोंबलत तिच्या मागं पळाले. गाय सरळ भातात. आबा मला असे बोलले की मी रडले. "मागून वरडलं की जनावर म्होरंच पळतं. यडी का काय तू. वळसा घालून म्होरं जायाचं आन गप उभं ऱ्हायाचं. एक म्होरकी थांबली की समदी थांबत्यात."

मी चपला टाकल्या, रस्ता सोडला आणि कडेच्या गवतातून पळाले. काकूंच्या बाजूनं गेले, त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. आबांना मागं टाकलं तेव्हा पाय पाण्यात गेले. पाणी असलं गार की श्वासच अडकला. पाण्याखाली डांबर लागत होतं, गुळगुळीत, शेवाळलेलं. मी मधोमध जाऊन तोंड त्यांच्याकडं करून उभी राहिले, हात पसरून. ओरडले नाही.

आबा पाण्यात आले. काळ्या काचांमागं डोळे दिसत नव्हते. माझ्यापासून हातभर अंतरावर आले आणि म्हणाले, "सर बाजूला." रागानं नाही, घरात वाटेत बसलेल्या पोराला म्हणतात तसं. मी सरले नाही. त्यांनी पाऊल पुढं टाकलं. मला त्यांना धक्का मारायचा धीर होईना, कालच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पडले तर. म्हणून मी एक पाऊल मागं घेतलं. त्यांनी आणखी एक टाकलं. मी आणखी एक मागं. पाणी गुडघ्यावर आलं, मग मांड्यांना लागलं. माझं लुगडं फुगून वर आलं. मी म्हटलं, "आबा, तुम्ही आलात तर मी पण येणार. मी नाही सरायची." माझा आवाज रडवा झाला होता. धुक्यात त्यांच्या मागं सगळे रांगेनं उभे होते, पाण्याच्या कडेला, गाठोडी घेऊन, म्होरक्या काय करतो ते बघत.

आबांनी पुन्हा पाय उचलला आणि मी मागं सरायला टाच मागं नेली.

"थांब," ते म्हणाले. "मागं नगं सरू. मागं मोरी हाय. डाव्या अंगाचा कठडा तुटल्याला हाय, पाय गेला तर घावायची न्हाईस."

मी टाच तशीच धरली. मागं बघितलं तर पांढरं पाणी, वर पांढरं धुकं. मोरी कुठं दिसतेय. पण ते म्हणाले तर होती. मी टाच हळूच पुढं आणली. आबांनी हात लांब केला आणि माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटून रुतली. मग त्यांनी मला स्वतःच्या अंगाकडं ओढलं, तोंड फिरवलं आणि मला मागं घेऊन पाण्यातून बाहेर चालायला लागले. ते फिरले तसे बाकीचे फिरले. सगळे चढ चढून जीपमध्ये जाऊन आपापल्या जागी बसले. काकूंनी तेवढं माझ्या ओल्या लुगड्याकडं बघितलं आणि आपली शाल माझ्या मांडीवर टाकली.

तिथं जीप फिरवायला जागा नव्हती. ड्रायव्हरनं सगळा चढ उलटी गाडी घेतली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. मी विचारलं, "कोण म्हणालं तुला?" तो म्हणाला, "आवाज आला, ताई. बाईचा का बाप्याचा, न्हाय सांगता यायचं. मला वाटलं, गावचीच मानसं, त्यांना ठाऊक."

मी मागं सगळ्यांना विचारलं. काकूंना वाटलं होतं आबा म्हणाले. आबांना वाटलं होतं काकू म्हणाल्या. कुणाला वाटलं मी म्हणाले. मी नाही म्हणाले, आणि ती कुणी खोटं बोलणारी माणसं नाहीत. शब्द सगळ्यांनी ऐकला होता. एकानं इतकं सांगितलं, की म्हणणारा आपल्यातलाच वाटला, ओळखीचा, पण गाडीतला नव्हे. त्यावर मी पुढं विचारलं नाही. आजही त्या गावात ह्या सकाळचा विषय निघत नाही.

गावात सगळे उतरले. आबा घरात गेले. मला वाटलं, आता दार लावून घेतील आणि माझं काय चालणार. मला भांडायचं त्राण नव्हतं, खरंच नव्हतं. मी जीपमध्ये शाल गुंडाळून कुडकुडत बसले होते. थोड्या वेळानं ते कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर आले, दाराला कुलूप लावलं, किल्ली काकूंच्या हातात दिली आणि माझ्या शेजारी येऊन बसले. "चल," म्हणाले. इतकी वर्षं भांडून जे मिळालं नव्हतं ते असं एका शब्दात मिळालं. मला आनंद झाला नाही. घोडेगाव मागं पडेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नव्हतं.

जुन्नरला आले त्याला आता बरेच दिवस झाले. डोळा चांगला झाला. सकाळी चहा घेतात, उन्हात बसतात, माझ्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात, दोरा ओवून देतात. आत्याच्या घरच्यांना वाटतं म्हातारा रमला. मलाही वाटायचं. पण त्यांची पिशवी अजून भरलेलीच आहे. धुतलेले कपडे मी कपाटात ठेवले की ते काढून घडी घालून परत पिशवीत ठेवतात. मी एकदा चिडून पिशवी रिकामी केली तर दुसऱ्या दिवशी त्यांनी ती पुन्हा भरली. एकदा मी विचारलं, त्या दिवशी पाणी दिसलं नव्हतं का. म्हणाले, "पानी मला रोजच दिसतंय." आणि दोऱ्याचं रीळ गुंडाळायला लागले.

परवा समोरच्या बागवानांची म्हातारी ब्लाऊज न्यायला आली होती. मी आत बटणं शोधत होते. तिनं आबांना सहज विचारलं, आता लेकीकडंच का कायमचे. आबा म्हणाले, "न्हाई बाई. पोरीला सोडाया आलोय. तिचं काय सांगावं, कुटं बी पान्यात हुबी ऱ्हाती. ती नीट घरात गेली, की मी निघालो."

मी आत बटणं हातात धरून तशीच उभी राहिले. म्हातारीला वाटलं थट्टा, ती हसली. मला ठाऊक होतं, ती थट्टा नव्हती. तेव्हापासून मी बाजारातून आले, की ते दारात उठून उभे राहतात आणि मी आत जाते का ते बघतात. मग मी पायरीवरच बसते. भाजी तिथंच निवडते, गिऱ्हाइकांची मापं तिथंच घेते, आणि आतून कुणी हाक मारली तर आले, आले म्हणते आणि उठत नाही.